गाणे आणि गिरणी

आखाजीला धुळ्याची धाकटी बहीण माहेरी आली होती. चार दिवस आमरस-पुरणपोळ्या झाल्या, गल्लीतल्या लिंबाच्या झोक्यावर पन्नाशी उलटलेल्या लेकीबाळींनीही लाजत लाजत एकेक झोका घेतला, आणि मग तिला पोहोचवायला आम्ही सगळेच जळगावहून निघालो. गाडी भाचा चालवत होता. पुण्याला नोकरी करतो, संगणकावर काम करतो, आणि उरलेल्या वेळात त्याच संगणकावर संगीतही करतो. मागच्या बाजूस आई आणि बहीण. बांभोरीच्या पुलावरून गिरणेचे कोरडे पात्र मागे पडले, तसा बहिणीने आपला फोन गाडीच्या यंत्राला जोडला आणि अहिराणी गाणी सुरू झाली. एरंडोल येईपर्यंत एकामागून एक अशी दहा-बारा गाणी झाली असतील. आई मांडीवर बोटांनी ताल धरून होती. बहीण मध्येच गात होती, मध्येच "या पोराचा व्हिडिओ बघा तुम्ही, हसून हसून मरायची पाळी," असे सांगत होती.

एरंडोल सोडल्यावर भाचा म्हणाला, "आता माझं लावू?" त्याने काहीतरी लावले. प्रथम वाटले, यंत्रच बिघडले. एक जाडसर, खरखरीत घुमारा. तो वाढेना की कमी होईना. त्याच्या पोटात कुठेतरी बारीक टकटक. दोन मिनिटे गेली, तीन गेली. पारोळ्याचा फाटा दिसू लागला तरी गाणे सुरू व्हायचे लक्षण दिसेना. तेव्हा मागून आई म्हणाली, "हाई गानं शे का गिरनी शे रे भाऊ?"

आम्ही सगळे हसलो. भाचा हसला नाही. त्याने आवाज हळूच कमी केला. थोड्या वेळाने मला म्हणाला, "मामा, तुम्हांला कसं वाटलं?" मी म्हणालो, "वेगळं आहे." समीक्षक 'वेगळे आहे' असे केव्हा म्हणतात, हे ज्यांनी दोन-चार पुस्तक-परीक्षणे वाचली आहेत त्यांना सांगायला नको.

ते 'वेगळे आहे' मला पुढे टोचत राहिले. त्या टोचणीतून हा लेख निघाला आहे. त्या दिवशी नव्वदेक किलोमीटरांच्या रस्त्यावर दोन प्रकारचे संगीत ऐकले. एक माणसांच्या तोंडी बसणारे, घरगुती, कुणा मोठ्या कंपनीच्या दाराशी न गेलेले गाणे. दुसरे, शब्द नसलेले, यंत्रातून काढलेले, ऐकणाऱ्याला काहीच न देऊ करणारे नादाचे प्रयोग. तरुण मंडळींत पहिल्यास 'इंडी पॉप' आणि दुसऱ्यास 'प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक' म्हणतात. मी दोहोंचाही जाणकार नव्हे, केवळ श्रोता आहे. पण श्रोत्यालाही आपले कान तपासून पाहण्याचा हक्क असतो.

प्रथम एक घोटाळा निस्तरला पाहिजे. 'इंडी' म्हटले की आपल्याकडे लोकांना 'इंडिया' आठवतो. त्याला कारणही आहे. अलिशा चिनॉय यांची 'मेड इन इंडिया' ही ध्वनिफीत १९९५ साली आली आणि चित्रपटाबाहेरच्या हिंदी गाण्यांची एक लाट उठली. तिला 'इंडिपॉप' हे नाव पडले. ती गाणी चित्रपटापासून स्वतंत्र होती हे खरे, पण कंपन्यांपासून मुळीच नव्हती. मूळ इंग्रजी शब्दातला 'इंडी' हा 'इंडिपेंडंट'चा तुकडा आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या पोरांनी १९७७ च्या जानेवारीत मित्रांकडून आणि घरच्यांकडून उसने पैसे घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली आणि स्वतःच विकली. तिथपासून त्या शब्दाला अर्थ आला. पुढे १९८६ साली एका इंग्रजी संगीत-साप्ताहिकाने अशाच बावीस मंडळ्यांची बावीस गाणी एका कॅसेटवर गोळा केली, आणि या गाण्यांचा एक घाट ठरून गेला: साधी चाल, लाजरा गळा, थोडी बेसूर गिटार, आणि आपण हे घरात बसून केले आहे याचा न लपवलेला अभिमान.

आता हाच अर्थ धरायचा, तर महाराष्ट्रात खरा इंडी पॉप कुठे आहे? पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांत गिटार घेऊन बसणारी मुले आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण माझे उत्तर निराळे आहे. तो जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत आहे, आणि तो अहिराणीत आहे. इथे कुठलीही मोठी ध्वनिमुद्रण कंपनी नाही. तालुक्याच्या गावी एका खोलीला आतून फोम लावून केलेला स्टुडिओ, एक की-बोर्ड, एक संगणक. चित्रीकरणाला केळीची बाग, कपाशीचे शेत, नाहीतर कुणाच्या तरी काकाचा ट्रॅक्टर. गाणे यूट्यूबवर चढते आणि पुढल्या लग्नसराईत बँडवाल्यांच्या भोंग्यातून परत गावात येते. सचिन कुमावत, अण्णा सुरवाडे, विनोद कुमावत ही नावे आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहेत. जळगावच्या आकाशवाणीवर लोकगीते ऐकून मोठी झालेली पिढी या गाण्यांना नाक मुरडते, आणि त्याच पिढीच्या घरच्या हळदीला हीच गाणी वाजतात.

'केसावर फुगे' हे गाणे घ्या. ज्यांनी ऐकले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बायकांचे विंचरून गळालेले केस घ्यायचे आणि बदल्यात पोरांना फुगे द्यायचे, असा एक धंदा खेड्यापाड्यांतून फिरतो. आमच्या लहानपणी केसांवर भांडी, पिना, सुया मिळत; आता फुगे. हा फिरता विक्रेता या गाण्याचा नायक आहे. मराठी भावगीताच्या इतक्या वर्षांत चंद्र किती वेळा आला आणि केस गोळा करणारा माणूस किती वेळा आला, याचा हिशेब केला म्हणजे या गाण्याने काय केले ते ध्यानात येते. विनोदी आहे, उडते आहे, नाचायचे आहे. पण नजर नेमकी आहे. पहिल्या खेपेस ऐकले की धृपद तोंडात बसते आणि रात्री झोपेतून उठल्यावरही जात नाही. पॉप गाण्याचा हा पहिला आणि कदाचित शेवटचा धर्म. तो हे गाणे चोख पाळते.

मग तक्रार काय? तक्रार अशी की त्या दहा-बारा गाण्यांत ताल एकच होता. पहिल्या दहा सेकंदांत की-बोर्डवरची शिट्टीसारखी सुरावट, मग ढोलकीचा नमुना, मग धृपद. कडव्यात काय सांगितले याची कुणाला फिकीर नाही. गळा यंत्रातून सरळ केलेला, इतका सरळ की खानदेशी हेल त्यात सपाट होऊन जातो. आणि नायिका? ती पोर कुठल्या तरी दागिन्याने ओळखली जाते. कधी झुमका, कधी आणखी काही. आणि नायक तिच्या मागे. घरची मंडळी एकत्र बसून ऐकतात म्हणून कुणी बोलत नाही, इतकेच.

पण माझी खरी तक्रार याहून खोल आहे, आणि तिथे मी त्रयस्थ राहू शकत नाही. मी अहिराणी घरात वाढलो. शाळेत पहिल्याच वर्षी 'शे' म्हटले म्हणून वर्गासमोर उभा राहिलो. गुरुजींनी माझी नक्कल केली आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून मी 'आहे' म्हणायला शिकलो, आणि ते इतक्या झपाट्याने शिकलो की आज आईशी बोलतानाही माझ्या तोंडून पुस्तकी मराठी येते. ती अहिराणीत विचारते, मी मराठीत उत्तर देतो. आमच्यात असा दुभाषी संसार पन्नास वर्षे चालला आहे. अशा माणसाला जेव्हा मोटारीत, भोंग्यात, पुण्याच्या हॉटेलात 'शे' ऐकू येते, तेव्हा त्याला काय वाटत असेल? मला प्रथम अतिशय आनंद झाला. मग हळूहळू लक्षात आले की वर्ग अजून हसतोच आहे. या गाण्यांत अहिराणी आली, ती बहुतेक विदूषकाचे कपडे घालून आली. जी भाषा श्रावणात कानबाईला निरोप देताना रडते, आखाजीच्या झोक्यावर माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसते, तिला या नव्या गाण्यांत रडायची मुभा फार थोडी आहे. अपवाद आहेत, आई-बापावरची काही गाणी आहेत, पण तीही चटकन डोळ्यांत पाणी आणायच्या घाईत असतात. हसणाऱ्या वर्गाला रडवायचे तर घाई करून भागत नाही.

तरीही बहीण ही गाणी गात होती. ती धुळ्याच्या शाळेत शिकवते, तिथे 'आहे' म्हणते. गाडीत ती 'शे' म्हणत होती. ही गोष्ट मी जमेच्या बाजूस फार ठळक अक्षरांत लिहितो.

आता दुसऱ्या संगीताकडे वळतो, आणि कबूल करतो की इथे माझी पावले जपून पडतात. हे प्रयोग काही काल सुरू झाले नाहीत. पॅरिसच्या नभोवाणीत काम करणाऱ्या पियेर शेफेर यांनी १९४८ साली आगगाडीच्या इंजिनांचे आवाज मुद्रित केले, तबकड्यांवर ते पुन्हा पुन्हा फिरवले, तोडले, जोडले, आणि त्यास संगीत म्हणून सादर केले. भुसावळच्या माणसाने हे ऐकले तर तो म्हणेल, यात नवे काय, आम्ही रात्रभर हेच ऐकून झोपतो. पण शेफेर यांचे म्हणणे असे होते की आवाज कशाचा आहे हे विसरून नुसता आवाज ऐका. सांगायला सोपे, करायला फार अवघड. आपला कान मोठा चौकस आहे. तो आधी 'कोण आहे?' असे विचारतो, मगच दार उघडतो.

आपल्या देशातही हे लवकर आले, आणि आपल्याला पत्ताही नव्हता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून दिला. यामागे गीता साराभाई होत्या. त्याच त्या, ज्यांनी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली. पुढली तीन वर्षे त्या खोलीत गीताबेन, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी फितींवर प्रयोग केले. मग खोली बंद पडली, फिती कपाटात गेल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक लोकांपुढे आल्या. म्हणजे आपण ज्या काळात रेडिओला कान लावून 'बिनाका' ऐकत होतो, त्याच काळात साबरमतीच्या काठी कुणी तारांच्या जंजाळात वाकून नवे नाद शोधत होते. मला ही गोष्ट कळली तेव्हा थोडा मत्सर वाटला. आपल्याला कुणी बोलावलेच नाही असा.

त्या फिती मी लक्षपूर्वक ऐकल्या. सगळ्याच चांगल्या नाहीत. काही ठिकाणी नव्या खेळण्याच्या कळा फिरवून बघण्याची हौस तेवढी आहे. आवाज वर जातो, खाली येतो, संपतो. परंतु काही तुकड्यांत माणूस आणि यंत्र एकमेकांची भाषा शिकताना ऐकू येतात, आणि ती धडपड विलक्षण आहे. जोशीपुरा तर त्या वेळी शिकणारा मुलगाच. त्याने आपल्या रचनेला 'स्पेस लायनर २००१' असे नाव दिले. चंद्रावर माणूस नुकताच उतरलेला, आणि एकविसावे शतक म्हणजे अगदी समोरच्या स्टेशनासारखे दिसत होते. आज ते ऐकताना भविष्याची आठवण येते. हा माझा शब्दांचा खेळ नव्हे. खरोखर तसेच वाटते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेले चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेतली आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक तबकडी केली. एच. एम. व्ही.ने ती काढली, आणि ती कुणी फारशी घेतली नाही. त्यांतले एक यंत्र, टीबी-३०३, हे गिटार वाजवणाऱ्यांना खर्जाची साथ मिळावी म्हणून बनवलेले. त्या कामी ते साफ नापास झाले. काही वर्षांनी शिकागोच्या पोरांनी जुन्या बाजारात मिळणारे हेच यंत्र उचलले आणि १९८७ साली त्यातून 'ॲसिड' नावाचे नाचाचे संगीत जगभर गेले. मग २०१० मध्ये सिंगांची तबकडी पुन्हा निघाली आणि युरोपातील रसिक थक्क झाले: हे तर मुंबईत पाच वर्षे आधीच झाले होते! चरणजित सिंग २०१५ साली गेले; जाण्यापूर्वी त्यांना हा सन्मान पाहायला मिळाला, हे बरे झाले.

माझे मत विचाराल तर या तबकडीची स्तुती थोडी अंगाबाहेर झाली आहे. राग म्हणून ती पातळ आहे. मालकंस म्हणजे केवळ पाच स्वर नव्हेत. त्या स्वरांमधली वाट मालकंस आहे, आणि ठेका इतका घाईचा असेल तर वाट दिसायची कधी? पण एक गोष्ट चकित करते. त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची एक सोय आहे. मींड नव्हे ती, मींडेची यांत्रिक चुलत बहीण. सिंगांनी ती सोय हेरली आणि बरोबर जागी वापरली. ज्या कानाने ती हेरली, तो कान उत्तम होता.

असो. पुन्हा गाडीत येऊ. मला भाच्याची ती फीत का ऐकवेना? मी आलापीला कंटाळणारा माणूस नाही. जळगावला दरवर्षी बालगंधर्वांच्या नावाने जो संगीत महोत्सव होतो, तिथे थंडीत शाल पांघरून मी तासभर विलंबित ऐकतो. तिथेही शब्द नसल्यासारखेच असतात आणि गती नसल्यासारखीच असते. मग इथे अडले कुठे? पुष्कळ विचार केल्यावर मला असे वाटते की आलापी वचन देते. षड्ज लागला की आपल्याला ठाऊक असते की कुठूनही फिरून बाई इथेच परत येणार, आणि त्या परतीच्या भरवशावर आपण तिला हवे तितके लांब जाऊ देतो. पॉप गाणे तर रोख व्यवहार करते. वीस सेकंदांत धृपद हातावर ठेवते. हे प्रायोगिक संगीत मात्र काहीच कबूल करीत नाही. इथे सम नाही, घर नाही, परतणे नाही. ऐकणाऱ्याने अपेक्षाच सोडावी, असा त्याचा आग्रह. साधूला जमेल, प्रवासाला निघालेल्या कुटुंबवत्सल माणसाला जमणे कठीण.

आणि यातच लबाडीलाही जागा आहे, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. वाईट पॉप गाणे लगेच उघडे पडते. पोरेसुद्धा 'पुढचं लावा' म्हणतात. वाईट प्रायोगिक संगीताला मात्र 'तुम्हांला कळले नाही' ही ढाल मिळते. कागदावर दोन पाने स्पष्टीकरण लिहून सोबत दिलेले एखादे संगीत मला पाठवले जाते, तेव्हा मी आधी कागद बाजूला ठेवतो.

भाचा मला मागे म्हणाला होता, "मामा, असलं ऐकणारे लोक थोडेच असतात, ते चालायचंच." हे मात्र मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण पुन्हा आमच्याच मुलखात आहे. धुळ्याच्या पश्चिमेला, साक्री-पिंपळनेरकडे, कोकणा आणि भिल्ल लोकांत पावरी वाजते. भोपळा आणि बांबू यांचे वाद्य, वर मोरपिसे. वाजवणारा श्वास तोडत नाही, नाकाने घेतो आणि गालांतला सोडतो, म्हणून सूर अखंड राहतो. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात मार्गशीर्षाच्या थंडीत ती रात्रभर चालते. आता लग्नांत हीच सुरावट की-बोर्डवर आली आहे. मी एका लग्नात उभा राहून ऐकली आहे. शब्द नाहीत, कडवे नाही, चार-सहा सुरांचे एक वेटोळे अर्धा-पाऊण तास फिरते आहे, वाजवणारा मधूनच आवाजाचा पोत बदलतो आहे, आणि शंभर-दीडशे माणसे हातात हात गुंफून ओळीने नाचताहेत. यंत्राचे, शब्दाविना, लांबलचक, पुनरावृत्तीचे संगीत! बर्लिनला याची तिकिटे लागली असती. इथे त्याला कुणी प्रायोगिक म्हणत नाही, म्हणून कुणाला ते अवघडही वाटत नाही.

धुळ्याला पोहोचल्यावर रात्री गच्चीवर बसलो होतो. उकाडा मरणाचा होता. पांझरेकडून वाऱ्याची झुळूक येईल म्हणून सगळे वाट बघत होते. तेव्हा भाच्याने सांगितले, "मामा, मोठमायनं बरोबर ओळखलं. ती गिरणीच होती." जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळीच्या गिरण्या पुष्कळ, त्यांतल्या एकीत त्याच्या मित्राचे वडील काम करतात. दिवाळीच्या सुट्टीत तिथे जाऊन याने फोनवर तासभर आवाज मुद्रित केला होता आणि मग संगणकावर तो ताणून, गाळून, थरावर थर रचून ही अकरा मिनिटांची रचना केली होती. आम्ही सगळे हसलो तेव्हा त्याने सांगितले नाही. त्याला वाटले, आता सांगण्यात अर्थ नाही.

मी खजील झालो. माझ्या मनात आईचे वाक्य थट्टेच्या सदरात जमा झाले होते. ते तर चोख श्रवण होते! शेफेर सांगतात, आवाज कशाचा ते विसरा. आईने एवढ्या गाळण्या-ताणण्यातूनही तो कशाचा ते ओळखले होते.

मग माझ्या मनात एक उपपत्ती तयार झाली, आणि उपपत्ती सुचली की मला झोप येत नाही. आमच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. पुण्यातले लोक दोन्हींची गल्लत करतात. या बाईने गाणे केले ते घरोट्यावर, शेतात, चुलीपाशी. लिहिता येत नव्हते, मुलाने सोपानदेवांनी टिपून ठेवले. इंडी म्हणजे याहून निराळे काय? घरोट म्हणजे जाते. जात्यावर खाली दगडाची अखंड घरघर आणि वर ओवीचे शब्द. विजेची गिरणी आली, घरघर तिच्याकडे गेली आणि ओवी पोरकी झाली. तेव्हा आजचे हे दोन प्रकार, एक नुसते शब्दांचे आणि एक नुसत्या घरघरीचे, हे त्या एका जात्याचे दोन भाग तर नव्हेत?

सकाळी चहाच्या वेळी मी ही उपपत्ती मोठ्या उत्साहाने आईपुढे मांडली. तिने लहानपणी दळलेले आहे. पहाटे चारला उठून दळलेले आहे. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली की हात दुखत म्हणून गात होतो, झोप येऊ नये म्हणून गात होतो. आणि घरघर वेगळी, गाणे वेगळे असे काही नव्हते. पण कान दगडाकडे ठेवावा लागे. पीठ जाड पडते आहे की बारीक, ते आवाजावरून कळे. "आनि रिकामं घरोटं येगळं वाजस," असे म्हणून तिने बशी खाली ठेवली. म्हणजे जी बाई सात-आठ वर्षांची असल्यापासून रोज पहाटे एक घुमारा ऐकत आली, त्याचा बारीकसारीक फरक ओळखत आली, तिला मी या संगीताची अडाणी श्रोता समजत होतो. आणि महोत्सवात शाल पांघरून बसणारा मी जाणकार!

मी भाच्याला म्हटले, ती फीत पुन्हा लाव, सगळी लाव. तो नको म्हणत होता. लावली. आईने डोळे मिटून घेतले. बहीण भाजी निवडत होती, तीही थांबली. या खेपेस मला त्यात पुष्कळ काही ऐकू आले. घुमारा एकच नव्हता. दोन होते, आणि ते एकमेकांशी किंचित बेसूर असल्यामुळे त्यांच्यात एक संथ हेलकावा होता. टकटक मी समजलो तशी सारखी नव्हती. सातव्या मिनिटाच्या सुमारास सगळे विरळ होत जाते, वर एक चकाकता पातळ नाद उरतो, आणि तो बराच वेळ राहतो. भाच्याच्या तोंडाकडे पाहून कळले की ही त्याची आवडती जागा. मलाही सुंदर वाटली. 'आध्यात्मिक' हा शब्द माझ्या जिभेवर आलाच होता.

तेवढ्यात आई डोळे न उघडता म्हणाली, "आते दाना सरनात."

भाचा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने सांगितले की तिथे पोते संपले होते. हमाल दुसरे आणेपर्यंत चक्की रिकामी फिरत होती. तो स्वच्छ आवाज मिळाला म्हणून त्याला आनंद झाला होता आणि त्याने तो चार पट लांब केला होता. "जास्त झालंय का ते, मोठमाय?" त्याने विचारले. दगड रिकामा फिरवला की दगडच झिजतो, असे काहीसे ती म्हणाली, आणि मग तिने बहिणीला सांगून कालच्यांतले एक गाणे लावायला लावले. दुसऱ्या कडव्याला तिने हात हलवला. "हाई बी रिकामंच फिरस." बहिणीला ते आवडले नाही.

मला विचारावे असे कुणालाच वाटले नाही. मी आपण होऊन भाच्याला म्हणालो की काल मी 'वेगळे आहे' म्हटले ते ऐकल्याशिवाय म्हटले होते, आणि आता ऐकून सांगतो: पहिली सहा मिनिटे पक्की आहेत, पुढचा भाग अर्धा कर. त्याने मान हलवली. पण करीन की नाही, ते सांगितले नाही. त्याच्या जागी मीही सांगितले नसते. फोनवर ती फीत पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेली होती, कुणी बंद केली नव्हती म्हणून. त्याने हात पुढे केला, तशी आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे चालू," आणि बहिणीच्या पुढ्यातली अर्धी भाजी आपल्याकडे ओढून घेतली.